अंकीय वाद्यांचें आयुष्य



वाद्य किती वर्षें जगतें, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा कोणी विचारीत नाहीं. आजोबांचा तंबोरा नातीच्या हातांत येतो. मध्यंतरीं त्याच्या तारा बदललेल्या असतात, घोडी नवी बसलेली असते, जवारी कितीदां तरी काढून झालेली असते, आणि तरीहि तंबोरा तोच राहतो. इटलींतील अंतोनिओ स्त्रादिव्हारी १७३७ सालीं वारला. त्यानें बांधलेलीं व्हायोलिनें आजहि जलशांतून वाजत आहेत. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाद्यांची एक नवीच जात उदयास आली आहे, आणि तिच्या बाबतींत मात्र हा प्रश्न विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही जात म्हणजे अंकीय, किंवा बाजारांत रूढ असलेल्या शब्दांत डिजिटल, वाद्यांची. त्यांची घडण कशी होत गेली आणि त्यांचा अंत कशानें होतो, यासंबंधीं चार गोष्टी आज आपणांपुढें ठेवावयाच्या आहेत.

प्रथम अंकीय म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. सतारींत नाद तारेच्या कंपनांतून उपजतो, बासरींत हवेच्या स्तंभांतून. अंकीय वाद्यांत तो प्रथम आंकड्यांच्या रूपानें असतो. हवेच्या दाबाची जी लहर कानावर येते, तिची उंची क्षणाक्षणाला मोजून आंकड्यांची माळ लिहिली, तर तीच माळ पुनः विजेच्या चढउतारांत बदलून कर्ण्यावर सोडतां येते. कॉम्पॅक्ट डिस्कवर अशा आंकड्यांची संख्या दर सेकंदास ४४,१०० असते. हे आंकडे प्रत्यक्ष नाद मोजूनच मिळविले पाहिजेत असेंहि नाहीं. नुसत्या गणितानेंहि ते काढतां येतात. मोजलेले असोत कीं काढलेले असोत, आंकड्यांतून नाद उपजविणारें यंत्र तें अंकीय वाद्य.

ह्या जातीचा आरंभ १९५१ सालचा. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें, पुढें सायरॅक ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या संगणकाकडून जेफ हिल नांवाच्या गृहस्थांनीं ‘कर्नल बोगी’ ही लष्करी कवाइतीची चाल वाजवून घेतली. त्या वादनाचें ध्वनिमुद्रण कोणी केलें नाहीं. यंत्र मात्र मेलबर्न शहरांत जपून ठेवलेलें आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडांत मँचेस्टर येथील फेरांटी मार्क १ ह्या संगणकाच्या कांहीं चाली बी. बी. सी. ने तबकडीवर उतरून घेतल्या. येथें नेमकें उलट झालें. यंत्र यथाकाल मोडींत निघालें आणि तबकडी उरली. त्या तबकडीवरचे सूर बिघडलेले होते, कारण ती कोरतांना वेग बरोबर राखला गेला नव्हता. २०१६ सालीं जॅक कोपलंड व जेसन लाँग ह्या न्यू झीलंडच्या दोघा अभ्यासकांनीं असा हिशेब केला कीं, त्या संगणकाला त्याच्या रचनेमुळें कांहीं ठराविक कंपनसंख्यांचेच स्वर काढतां येत. तबकडीवर ऐकूं येणारे स्वर त्यांत बसत नाहींत. तेव्हां कोणत्या वेगानें ती फिरविली असतां ते बसतील तें शोधावें. ह्या रीतीनें पासष्ट वर्षांपूर्वींचा मूळ सूर परत हातीं लागला. नाहींशा झालेल्या वाद्याचा सूर त्याच्या घडणीच्या ज्ञानावरून लावला गेल्याचें असें उदाहरण क्वचितच आढळेल.

१९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांनीं संगणकाकडून नाद काढण्याचा पद्धतशीर प्रोग्रॅम लिहिला. तो पाया होय. परंतु गणिताला वादनापेक्षां कितीतरी अधिक वेळ लागे, म्हणून त्यास वाद्य म्हणावें कीं नाहीं याची मला शंका आहे. बोट ठेवतांच जें बोलत नाहीं तें वाद्य कसलें?

बोट ठेवतांच बोलण्याची सोय होण्यास आणखी बरींच वर्षें लागलीं, आणि ती कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग नांवाचे संगीतरचनाकार होते. १९६७ सालीं ते संगणकावर कंपाचे प्रयोग करीत होते. पाश्चात्य गायक दीर्घ स्वरावर जो हलका कंप देतो, त्याचीं आंदोलनें सेकंदास पांच-सहा असतात. चाउनिंग यांनीं हा वेग गणितानें वाढवीत नेला. एका मर्यादेपलीकडे कानास कंप म्हणून ऐकूं येईनासा झाला. त्याऐवजीं स्वराची जातच पालटली, आणि घंटेसारखे, पितळी रणशिंगासारखे, लाकडावरील ठोक्यासारखे नाद निघूं लागले. दोन साध्या लहरी, एकीनें दुसरीला हलवावयाचें, एवढ्या सामग्रींतून इतकी समृद्धि निघणें ही गणिताची मोठीच काटकसर होती. अमेरिकेंतील ऑर्गनच्या कारखानदारांना तिचें महत्त्व कळलें नाहीं. जपानच्या यामाहा कंपनीला तें कळलें. तिनें विद्यापीठाकडून हक्क घेतले, अनेक वर्षें खपून हें गणित करणाऱ्या चिप तयार केल्या, आणि १९८३ सालीं डीएक्स-७ नांवाचें वाद्य बाजारांत आणलें.

डीएक्स-७ ची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती. त्याला ६१ पट्ट्या. एका वेळीं सोळा स्वर वाजत. प्रत्येक स्वरामागें सहा लहरी, आणि त्या एकमेकींस जोडण्याच्या ३२ तऱ्हा. तें दीड लाखांहून अधिक संख्येनें खपलें. परंतु त्याच्या घडणींत एक गोष्ट अशी होती कीं, जिच्यामुळें वाद्य व वादक यांचा संबंधच बदलला. त्यापूर्वींच्या विजेच्या वाद्यांवर प्रत्येक गुणासाठीं एक एक फिरती खुंटी असे. कान देऊन ती फिरवावी आणि हवा तो नाद साधावा. डीएक्स-७ वर खुंट्या नाहींत. सपाट बटणांच्या ओळी, सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारी एक खिडकी, आणि सर्व कामांसाठीं एकच सरकती कळ. सहा लहरींचे शेंदीडशें आंकडे त्या लहानशा खिडकींतून एकेक करून बदलावयाचे! परिणाम ठरलेलाच होता. दुरुस्तीस येणाऱ्या बहुतेक यंत्रांत कारखान्यानें भरून दिलेले ३२ नादच जसेच्या तसे असत, असें सांगतात. जवारी स्वतः लावून घेणाऱ्या गवयास हें विचित्र वाटेल; परंतु सबंध एका दशकाचें पाश्चात्य लोकप्रिय संगीत ह्या ३२ नादांच्या छायेखालीं वाढलें.

आतां ह्या वाद्याचें शरीर कसें जुनें होतें तें पाहूं. तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर मिरजेच्या कारागिराकडे न्यावा. पंढरपूरच्या बाजूचा दुसरा भोपळा निवडून तो बसवून देईल. त्याच्या आज्यानें ज्या हत्यारांनीं काम केलें त्याच हत्यारांनीं तो तें करील. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेंहि ह्याच अखंड परंपरेमुळें. तंबोऱ्याचा कोणताहि भाग असा नाहीं कीं जो माहितगार माणसाला लांकूड, भोपळा, हाड आणि तार यांतून पुनः करतां येत नाहीं. डीएक्स-७ मध्यें प्रथम मरते ती बॅटरी. वादकानें रचलेले नाद लक्षांत राहावेत म्हणून आंत नाण्याएवढी लिथियमची बॅटरी असते, आणि ती डाख देऊन पटावरच बसविलेली असते. ती संपली कीं वाद्य मुकें होत नाहीं, विसरभोळें होतें. मालकाचे नाद जातात आणि त्या जागीं निरर्थक आंकडे येतात. त्यानंतर कपॅसिटर सुकतात, पट्ट्यांखालचे विजेचे स्पर्श मळतात, खिडकी अंधुक होते. येथवर दुरुस्ती शक्य आहे. परंतु नाद करणाऱ्या ज्या चिप यामाहानें केवळ ह्याच वाद्यांसाठीं घडविल्या, त्यांतील एक जळली तर ती दुसऱ्या मेलेल्या डीएक्स-७ मधूनच काढून घ्यावी लागते. जगांत त्या आतां कोठेंहि तयार होत नाहींत, आणि कोणी हौशी मनुष्य त्या घरीं करूं शकणार नाहीं.

हा केवळ दूरदेशींचा अनुभव नव्हे. मी ज्या शाळेंत नोकरी केली, तेथें प्रार्थनेला एक जुनी बाजाची पेटी होती. तिच्या जोडीस पुढें एक विजेचा कीबोर्ड घेण्यांत आला. सहा-सात वर्षांत त्याच्या मधल्या सप्तकांतील चार पट्ट्या बोलेनाशा झाल्या. दुरुस्ती करणारानें यंत्र उघडूनहि न पाहतां सांगितलें कीं, ह्याचा पट आतां येत नाहीं, नवीन घ्या. पेटीचा भाता तोंवर दोनदां बदलून झाला होता.

ऑस्ट्रेलियांतील फेअरलाइट सी. एम. आय. ह्या वाद्याचें आयुष्य आणखी नाट्यमय होतें. पीटर व्होगल व किम रायरी ह्या दोघां सिडनीकर तरुणांनीं तें १९७९ सालीं विक्रीस आणलें. (फेअरलाइट हें नांव सिडनीच्या बंदरांत चालणाऱ्या एका जलद होडीचें.) खऱ्या वस्तूचा नाद ध्वनिग्राहकानें टिपून आंकड्यांत सांठवावा आणि तो पट्ट्यांवर हव्या त्या स्वरांत वाजवावा, ही कल्पना त्यानें जगापुढें आणली, फुटणाऱ्या कांचेचा आवाज सारेगमपमध्यें वाजूं लागला. एका वाद्याच्या किंमतींत विलायतेंत घर येत असे. सर्व नाद आठ इंचांच्या लवचिक तबकड्यांवर सांठविलेले असत, आणि पडद्यावर प्रकाशलेखणीनें लिहून यंत्रास आज्ञा द्यावयाची. थोड्याच वर्षांत तेंच काम करणारीं स्वस्त यंत्रें अमेरिकेंतून व जपानांतून आलीं, आणि दशक सरतां सरतां कंपनी बुडाली. आज ज्यांच्याजवळ फेअरलाइट आहे त्यांची मुख्य विवंचना वाद्याची नसून तबकड्यांची असते. चुंबकीय लेप सुटत जातो, आणि त्या तबकड्या वाचणारें यंत्रहि दुर्मिळ होत चाललें आहे.

वाद्याच्या मरणाचें सर्वांत विलक्षण कारण मात्र जपानच्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ ह्या तालयंत्राचें आहे. त्याची स्मृति अंकीय, पण नाद जुन्या पद्धतीच्या विजेच्या मंडलांतून निघे. १९८० ते १९८३ एवढेंच त्याचें उत्पादन चाललें. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीं स्वतः सांगितल्याप्रमाणें, त्यांतील झांजेसारखा खरखरीत नाद मिळविण्यासाठीं मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर निवडून घेतले जात. पुढें ट्रान्झिस्टर करणाऱ्यांची कारागिरी इतकी सुधारली कीं सदोष माल मिळेना, आणि वाद्य बंद पडलें! त्याच यंत्रावर मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा रागांची एक तबकडी काढली. ती त्या वेळीं कोणी फारशी घेतली नाहीं. २०१० सालीं ती पुनः प्रसिद्ध झाली तेव्हां, पुढें शिकागो शहरांत जन्मलेल्या एका नृत्यसंगीताची चाहूल तींत कित्येक वर्षें आधीं लागते असें म्हणून परदेशांतील रसिक तिच्याभोंवतीं जमले. सिंग २०१५ मध्यें वारले. उतारवयांत त्यांना हा मान पाहावयास मिळाला हें चांगलें झालें.

यंत्रें अशीं अल्पायुषी ठरत असतां त्यांच्यामधील एक करार मात्र दीर्घायुषी ठरला. निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एकमेकांशीं बोलावीं म्हणून काकेहाशी आणि अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ यांनीं पुढाकार घेऊन मिडी नांवाची संकेतपद्धति ठरविली. १९८३ च्या जानेवारींत एका व्यापारी प्रदर्शनांत अमेरिकन व जपानी अशीं दोन वाद्यें पांच पिनांच्या साध्या तारेनें जोडलीं, आणि एकावर वाजविलें तें दुसऱ्यावर उमटलें. संकेत अगदीं साधे: कोणती पट्टी, किती जोरानें, दाबली कीं सोडली. प्रत्येकास ० ते १२७ ह्यांमधील एक आंकडा. पद्धति वापरण्यास कोणाला शुल्क द्यावें लागत नसे. ह्या कामाबद्दल दोघांस २०१३ सालीं ग्रॅमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. २०२० सालीं तिची दुसरी आवृत्ति आली, तरी पहिली अद्याप चालू आहे. चाळीस वर्षांपूर्वींचा डीएक्स-७ आजच्या संगणकाला एका लहानशा जोडणीनें बोलता करतां येतो.

मिडीच्या दीर्घायुष्याची किंमतहि आहे, आणि ती आपण भारतीयांस अधिक जाणवते. तिच्या दृष्टीनें संगीत म्हणजे पट्ट्या. सप्तकाच्या बारा पट्ट्या, आणि त्यांच्या मधली जागा म्हणजे अपवाद. मींड घ्यावयाची तर स्वर वांकविण्याचा वेगळा संकेत पाठवावा लागतो, आणि तो साधारणतः एका वाहिनीवरील सगळ्या स्वरांना एकदमच वांकवितो. ह्याच माध्यमाचा इतिहास आठवला म्हणजे गंमत वाटते. पट्ट्यांच्या मधलें दाखवितां येत नाहीं हाच बाजाच्या पेटीवरील मुख्य आक्षेप, आणि त्यापायीं ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. पेटीस घराबाहेर ठेवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीनें मिडीला विनातक्रार घरांत घेतलें. माझ्या मतें पेटीवरील आक्षेप जितका खरा होता, त्याहून मिडीवरील अधिक खरा आहे. कारण पेटी निदान दुसऱ्या वाद्यांना आपल्यासारखें होण्यास भाग पाडीत नव्हती.

आतां सर्वांत गंभीर भागाकडे वळूं. वाद्य मेलें तर त्याच्यासाठीं रचलेल्या संगीताचें काय? पॅरिस येथें १९७७ सालीं उघडलेल्या इर्काम ह्या संस्थेंत जुझेप्पे दि जुन्यो यांनीं ४एक्स नांवाचा एक प्रचंड अंकीय नादयंत्र-संगणक बांधला. पिएर बुलेझ यांनीं त्याच्यासाठीं ‘रेपों’ नांवाची रचना केली. १९८१ सालीं जर्मनींतील डोनाउएशिंगेन येथें ती प्रथम वाजली. मध्यभागीं वाद्यवृंद, श्रोत्यांच्या सभोंवतीं सहा एकल वादक, आणि त्यांचे नाद क्षणांत पालटून सभागृहभर फिरविणारें तें यंत्र. फिलिप मानुरी यांनीं १९८७ मध्यें ‘ज्युपिटर’ ही रचना बासरी व ४एक्स यांच्यासाठीं लिहिली. तींत बासरीवादक काय वाजवीत आहे तें संगणक ऐकतो व त्याच्या मागोमाग चालतो. दहा वर्षांच्या आंत ४एक्स निकामी ठरलें. त्याच्या जागीं नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर आधारलेलें यंत्र आणलें, तों १९९३ मध्यें नेक्स्टनें संगणक करणेंच थांबविलें. बाखच्या रचनेस कागद आणि ती वाचणारा एवढें पुरतें. ‘ज्युपिटर’ची बासरी कागदावर आहे, तिचा सोबती मात्र एका मृत यंत्राच्या भाषेंत लिहिलेला.

ही अडचण ज्यांनीं सर्वांत अधिक जाणली ते मिलर पकेट. ‘ज्युपिटर’च्या वेळीं ते इर्काममध्येंच होते, आणि संगीताच्या आज्ञा चित्ररूपानें मांडण्याचा मॅक्स हा प्रोग्रॅम त्यांनींच लिहिलेला, मॅक्स हें नांव मॅक्स मॅथ्यूज यांच्या गौरवार्थ. अमेरिकेंत परतल्यावर १९९६ सालीं त्यांनीं पीडी नांवाचा दुसरा प्रोग्रॅम लिहून तो सर्वांस मोफत व उघडा करून दिला. कोणत्याहि एका कंपनीच्या यंत्रावर तो अवलंबून नाहीं. मग ‘ज्युपिटर’सारख्या रचना त्यांनीं मोठ्या चिकाटीनें त्यांत उतरविल्या. हें काम पोथीची नवी प्रत करण्यासारखें आहे. जुन्या लेखनिकांप्रमाणें येथेंहि प्रत करणारास मजकूर समजावा लागतो. नुसतीं अक्षरें गिरवून भागत नाहीं. दर वीस-पंचवीस वर्षांनीं कोणाला तरी तें पुनः करावें लागणार, आणि ज्या रचनेस असा मनुष्य लाभणार नाहीं ती गेली.

यंत्राइतकाच वादकहि नाशवंत आहे, हें ॲमस्टरडॅमचे मिकेल व्हाइझ्व्हिस यांच्या उदाहरणावरून दिसतें. त्यांनीं १९८४ सालीं दोन्ही हातांत घालावयाचें ‘हँड्स’ नांवाचें वाद्य प्रथम सभेंत वाजविलें. बोटांखालीं कळा, हातांमधलें अंतर मोजणारी योजना, हात कलतांच जाणारे संकेत. ह्या सर्वांतून नाद घडे. यंत्र सुधारण्याचा मोह त्यांनीं प्रयत्नपूर्वक आंवरला. वाद्य रोज बदललें तर हात कधींच बसणार नाहीं, म्हणून घडण स्थिर ठेवावी आणि रियाज करावा, असा त्यांचा आग्रह होता. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं तेंच वाद्य वाजविलें. अंकीय वाद्यकारांमध्यें इतका संयम फार थोड्यांनीं दाखविला आहे. बहुतेकांचें वाद्य पहिल्या सभेनंतर फळीवर जातें, कारण तोंवर पुढचें मनांत आलेलें असतें. पण त्यांच्या रियाजाला शिष्यपरंपरा मिळाली नाहीं. २००८ सालीं ते वारले, आणि १९६९ पासून चालत आलेली, जेथें त्यांनीं आयुष्यभर काम केलें ती स्टाइम नांवाची प्रयोगसंस्थाहि २०२० मध्यें बंद झाली.

आपल्याकडे ह्या जातीचें सर्वांत घरगुती वाद्य म्हणजे विजेचा तंबोरा. बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेची श्रुतिपेटी केली, आणि तेथून ही परंपरा निघाली. आरंभींचीं यंत्रें विजेच्या मंडलांतून नाद काढीत. पुढें खऱ्या तंबोऱ्याचा टिपलेला नाद चिपमध्यें आला, आणि आतां तो दूरध्वनींत शिरला आहे. घडण सुलभ झाली तसें आयुष्य आणखी आंखुड झालें. २०१७ च्या सप्टेंबरांत ॲपल कंपनीनें आपल्या दूरध्वनींची मूळ प्रणालि बदलली, तेव्हां जुन्या बत्तीस-बिट पद्धतीचे सर्व ॲप त्या प्रणालीवर एका दिवसांत बंद पडले. ज्यांच्या कर्त्यांनीं ते नव्यानें बांधून दिले नाहींत, त्या वाद्यांना कोणताहि कारागीर हात लावूं शकत नव्हता; फुटलेला भोपळा दाखवावयास तरी असतो.

डीएक्स-७ चें मात्र ह्या सर्वांत बरें चाललें आहे. चाउनिंग यांच्या शोधावरील हक्काची मुदत केव्हांच संपली, आणि वाद्याचें गणित कित्येकांनीं खोलून समजून घेतलें. डेक्स्ड नांवाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो साध्या संगणकावर तेंच गणित करतो. मूळ वाद्याचे ३२ नाद मिडीच्या तारेनें बाहेर काढले तर ते अवघ्या ४,१०४ बाइटांत मावतात. ह्या भाषणाच्या दोन पानांना त्याहून अधिक जागा लागेल. ज्यांच्या घरीं हें वाद्य पडून असेल त्यांनीं आधीं नाद असे काढून घ्यावेत, नंतर जाणत्या माणसाकडून बॅटरी बदलून तिच्या जागीं काढतां-घालतां येणारी बैठक बसवून घ्यावी, आणि मग ते परत आंत भरावेत. ह्या कामास एक दुपार पुरते.